बिघाड प्रथिनात नव्हे, आरएनएच्या घडीत

प्रति,
संपादक

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला आनुवंशिक आजारांवरचा लेख वाचला. हंटिंग्टनच्या आजाराचा (मेंदूच्या एका आनुवंशिक आजाराचा) भाग सोपा आणि नेमका उतरला आहे. सीएजी ही डीएनएची तीन अक्षरे जनुकात ओळीने 40 किंवा त्याहून जास्त वेळा आली की प्रथिनाला ग्लुटामिन या अमिनो आम्लाचे लांब शेपूट फुटते, हे बरोबर. पण पुढे लेखकाने सरसकट म्हटले आहे की जनुक बिघडले की प्रथिन बिघडते आणि त्यातून आजार होतो. मी स्वतः बारावीच्या वर्गात फळ्यावर वर्षानुवर्षे हाच बाण काढत आले, त्यामुळे लेखकाला बोल लावण्याचा मला फारसा हक्क नाही. मात्र आमच्या घरातला आजार त्या बाणात बसत नाही.

माझे धाकटे दीर कुणाशी हात मिळवला की तो लगेच सोडत नसत. आम्ही हसायचो, ‘भाऊजींची माया घट्ट!’ थंडीत सकाळी लोणच्याच्या बरणीचे झाकण फिरवले की बोटे झाकणावरच वळून राहायची. मग ते चार-सहा वेळा मूठ उघडमीट करायचे आणि म्हणायचे, ‘थांबा वहिनी, इंजिन गरम होऊ द्या.’ चाळिशीच्या आत मोतीबिंदू झाला, तो एका डॉक्टरांनी काढला. चक्कर आली तेव्हा दुसऱ्यांनी हृदयाचा आलेख काढून ठोके अडखळतात असे सांगितले. साखर वाढली, ती तिसऱ्यांकडे. तिन्ही फायली वेगवेगळ्या पिशव्यांत राहिल्या आणि निदानाला नऊ वर्षे लागली: मायोटोनिक डिस्ट्रॉफी, प्रकार पहिला. म्हणजे स्नायू आकसल्यावर लवकर सैल न होण्याचा आणि हळूहळू क्षीण होत जाण्याचा आनुवंशिक आजार.

या आजारात 19व्या गुणसूत्रावरच्या डीएमपीके नावाच्या जनुकात सीटीजी ही अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. निरोगी माणसात 5 ते 34 वेळा, आजारात 50च्या पुढे, कधी हजाराच्याही वर. गंमत अशी की ही अक्षरे प्रथिनाचा मजकूर संपल्यानंतरच्या भागात आहेत. प्रथिनाच्या मजकुरात एका अक्षराचाही फरक पडत नाही. मग दुखणे येते कुठून?

प्रथिन बनवण्याआधी पेशी जनुकाची एक प्रत काढते, तिला आरएनए म्हणतात. या प्रतीत टीच्या जागी यू येतो, म्हणून सीटीजीचे सीयूजी होते. अशी शेकडो सीयूजी ओळीने आली की तो धागा स्वतःवरच दुमडतो आणि बायका केसांत खोचतात त्या आकड्यासारखा दिसू लागतो. आकड्याच्या दोन बाजू समोरासमोर येतात. सीसमोर जी, जीसमोर सी, या जोड्या घट्ट जमतात. प्रत्येक तिसऱ्या जागी मात्र यूसमोर यू येतो आणि ती जोडी जेमतेम टेकते. 2005 साली अमेरिकी संशोधकांनी सहा सीयूजींच्या तुकड्याचे स्फटिक करून ही रचना पाहिली. यू-यूची विजोड जोडी असूनही दुपेडी पीळ जवळपास नेहमीच्या आरएनएसारखाच निघाला. पोलंडमधल्या पोझनानच्या गटाने पुढे इतर आजारांत आढळणाऱ्या सीएजी आणि सीजीजीच्या पुनरावृत्तींचेही असेच स्फटिक अभ्यासले.

या आकड्याला मसलब्लाइंड जातीची प्रथिने चिकटतात आणि पेशीकेंद्रातच अडकून पडतात. (हे विचित्र नाव फळमाशीच्या एका जनुकावरून आले.) त्यांचे खरे काम म्हणजे इतर जनुकांच्या कच्च्या आरएनए प्रती योग्य ठिकाणी कापून जोडणे, आणि गर्भातली जोडणी मागे टाकून मोठ्या माणसाची जोडणी चालू करणे. तीच अडकली की मोठ्या माणसाच्या स्नायूत गर्भातली जोडणी चालू राहते. स्नायूपेशीत क्लोराइडची ये-जा करू देणारे प्रथिन, म्हणजे क्लोराइड वाहिनी, नीट बनत नाही, स्नायू आकसल्यावर सैल पडायला वेळ घेतो, आणि बरणीवरची बोटे सुटत नाहीत. इन्सुलिनच्या ग्राहीचे (पेशीवर इन्सुलिन पकडणाऱ्या प्रथिनाचे) आणि हृदयातल्या सोडियम वाहिनीचेही असेच होते. तीन पिशव्यांतल्या तिन्ही फायली त्या एकाच आकड्यावर टांगलेल्या होत्या.

हा नुसता तर्क नाही. 2000 साली संशोधकांनी डीएमपीकेशी काही संबंध नसलेल्या एका स्नायूच्या जनुकात सुमारे 250 सीटीजी घालून ते उंदरात सोडले. उंदरांचे स्नायू आखडले. केवळ आरएनए पुरेसा ठरला.

आणखी एक गोष्ट शिक्षक म्हणून लिहावीशी वाटते. पिढीगणिक हा आजार लवकर आणि जोरात येतो, हे घरच्यांना आणि काही डॉक्टरांना आधीच दिसत होते. जर्मन नेत्रतज्ज्ञ फ्लायशर यांनी 1918 सालीच मागच्या पिढीतल्या मोतीबिंदूंची नोंद केली होती. पण 1948 मध्ये पेनरोझ यांच्यासारख्या मोठ्या आनुवंशशास्त्रज्ञाने हा रुग्ण निवडण्याच्या पद्धतीतला भास असल्याचे मांडले, आणि बरीच वर्षे तेच मानले गेले. 1992 मध्ये जनुक सापडले तेव्हा कळले की पुनरावृत्त्या पिढीगणिक खरोखरच वाढतात. आमच्या सासऱ्यांनाही मोतीबिंदू लवकर झाला होता. तेवढेच, बाकी ते ठणठणीत होते.

लेखात आणखी म्हटले आहे की तपासणीत निघालेल्या पुनरावृत्त्यांच्या संख्येवरून पुढचे सगळे कळते. तसे नाही. रक्तातली मोजणी आणि स्नायूतली मोजणी जुळत नाही; स्नायूत ती बरीच जास्त असते आणि वयाबरोबर वाढत जाते. त्यामुळे अहवाल समुपदेशकासमोर बसूनच वाचावा. शिवाय या रुग्णांना भूल देण्यात खास धोके असतात, म्हणून दाताची असो की हर्नियाची, कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला आजाराचे नाव सांगायलाच हवे. आम्ही भाऊजींच्या पाकिटात ते नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवतो. पुढच्या लेखात एवढी एक ओळ आली तरी पुष्कळ.

भाऊजींच्या मुलीने, माझ्या पुतणीने, गेल्या वर्षी तपासणी करून घेतली. अहवाल आला त्या संध्याकाळी ती आमच्याकडे जेवायला आली. किती निघाले ते तिने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. लोणच्याची बरणी मात्र तिनेच उघडली आणि सगळ्यांची नजर तिच्या बोटांवर गेली.

आपली वाचक,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सातारा