वर्गणीशिवाय रेकॉर्डिंग : आई-बाबांना पत्र

पुणे

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

दरमहा पैसे न भरता टीव्हीवरचे कार्यक्रम साठवून ठेवणारा डबा (सेट-टॉप बॉक्स) मिळतो का आणि मिळत असल्यास कोणता घ्यावा, असे बाबांनी फोनवर विचारले होते. एकाचे उत्तर पुरे होण्याआधी दुसऱ्याचा प्रश्न येतो आणि मग मुद्दा बाजूलाच राहतो, म्हणून सगळे एकदाच लिहून पाठवते. असा डबा मिळतो, आणि आपल्या घरी तोच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रसार भारतीची ‘डीडी फ्री डिश’ ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. तिला मासिक वर्गणी नाही. छत्री, डबा आणि बसवणूक यांचा खर्च एकदाच करावा लागतो. सह्याद्री, दूरदर्शनच्या इतर वाहिन्या आणि काही खासगी वाहिन्या तिच्यावर दिसतात. खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो, त्यामुळे आज दिसणारी चित्रपटांची वाहिनी पुढच्या वर्षी दिसेलच असे धरून चालू नये. आई, तुझ्या रात्रीच्या मालिकांच्या वाहिन्या सशुल्क आहेत, त्या इथे येणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. पण त्या तू हल्ली मोबाइलवरच पाहतेस, आणि टीव्हीवर उरतात त्या बाबांच्या सातच्या बातम्या, शेतीचे कार्यक्रम, अभंग आणि जुने चित्रपट; एवढ्यासाठी महिन्याच्या महिन्याला रिचार्ज कशाला मारायचा?

वर्गणीच्या कंपन्यांकडेही रेकॉर्डिंगचे डबे असतात, आणि दुकानदार आधी तेच पुढे करील. त्यांत साठवलेला कार्यक्रम सहसा त्याच डब्यावर आणि वर्गणी चालू असेपर्यंतच पाहता येतो. म्हणजे साठवण आपली, पण किल्ली कंपनीकडे. फ्री डिशच्या साध्या डब्याला यूएसबीचे भोक असते, सोय असलेल्या डब्यात पेनड्राइव्ह लावला की रेकॉर्डिंग होते, आणि पुष्कळ डब्यांची फाइल लॅपटॉपवरही चालते.

इथेच फसगत होण्याचा संभव असल्यामुळे बाबांनी नीट लक्ष द्यावे. यूएसबीचे भोक आहे म्हणजे रेकॉर्डिंग होतेच असे नाही. काही डब्यांत ते फक्त गाणी-फोटो दाखवण्यासाठी किंवा सॉफ्टवेअर बदलण्यासाठी असते. खोक्यावर ‘एमपेग-४’ (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) आणि ‘पीव्हीआर’ (कार्यक्रम साठवण्याची सोय) ही दोन्ही अक्षरे असावीत, कारण काही वाहिन्या जुन्या एमपेग-२ डब्यावर दिसत नाहीत, आणि पीव्हीआर नसेल तर सगळा खटाटोपच व्यर्थ. तरीही खोक्यावर विसंबू नये. पेनड्राइव्ह खिशात घालूनच जावे, दुकानात छत्रीला जोडलेल्या डब्यावर पाच मिनिटांचे रेकॉर्डिंग करून तेथेच पुन्हा लावून पाहावे, आणि पाहताना चित्र पुढे-मागे सरकवून बघावे. जो दुकानदार एवढे करून दाखवायला कुरकुर करील, त्याच्याकडून घेऊ नये.

पेनड्राइव्ह ६४ जीबीचा, चांगल्या कंपनीचा आणि पक्क्या बिलाचा घ्यावा. एमपेग-२ वाहिनीचे तासाभराचे रेकॉर्डिंग साधारण पावणेदोन ते दोन जीबी जागा खाते, त्यामुळे तीस-पस्तीस तास सहज मावतील. रस्त्यावर मिळणारा स्वस्तातला पेनड्राइव्ह हळू लिहितो आणि मग चित्र अडखळते. लांबलचक चित्रपटाचे दोन तुकडे झालेले दिसले तर घाबरू नये. फॅट-३२ पद्धतीने तयार केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून डबा स्वतःच ती तोडतो. माझी जुनी हार्ड डिस्क लावण्याचा विचार बाबांनी बोलून दाखवला होता, पण डब्याच्या यूएसबीतून तिला पुरेशी वीज मिळत नाही आणि ती मध्येच बंद पडते, तेव्हा तो विचार सोडावा.

छत्रीविषयी. सध्याची छत्री वर्गणीच्या कंपनीच्या उपग्रहाकडे रोखलेली आहे. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे साताऱ्यातून पाहताना आग्नेयेला, आणि जमिनीपासून सुमारे साठ अंश वर. अजिंक्यतारा आपल्या दक्षिणेला आडवा असला तरी इतक्या उंच पाहणाऱ्या छत्रीला त्याची अडचण नाही. अडचण होईल ती शेजारच्या आंब्याची, कारण त्याच्या फांद्या गच्चीच्या नेमक्या त्याच कोपऱ्यावर झुकल्या आहेत. छत्री पाण्याच्या टाकीच्या पलीकडच्या बाजूला बसवून घ्यावी. नेहमीच्या साठ सेंटीमीटरऐवजी नव्वदची छत्री मागावी. या लहरींना जोराचा पाऊस सोसत नाही, आणि आपल्याकडे आषाढात कसा पाऊस असतो ते मी तुम्हांला काय सांगावे! मोठ्या छत्रीने फरक पडतो, पण मुसळधार सरीत चित्र गेले तर रेकॉर्डिंगमध्येही तेवढा भाग जाणारच. त्यावर कोणताही डबा उपाय नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचे, आणि हे बाबांनाच उद्देशून आहे. रात्री निजताना भिंतीवरचे सगळे खटके बंद करण्याची तुमची शिस्त मला मान्य आहे, परंतु वेळ लावून ठेवलेले रेकॉर्डिंग हवे असेल तर डब्याचा खटका चालूच ठेवावा लागेल. रिमोटने डबा झोपवायचा, खटक्याने नाही. दहा वॅटचा डबा दिवसरात्र पूर्ण चालू राहिला तरी महिन्याला सात युनिटच्या आसपास वीज जाते, आणि झोपलेला असताना त्याहून कमी. वीज गेल्यास रेकॉर्डिंग तुटते, म्हणून डब्याची पिन इन्व्हर्टरच्या पॉइंटला लावावी.

आषाढी एकादशीची पंढरपूरची शासकीय महापूजा सह्याद्रीवर थेट दाखवतात, पण ती पहाटे दोनच्या सुमारास सुरू होते, आणि त्यासाठी आईने रात्रभर जागावे हे मला पटत नाही. ती लावून ठेवताना तारीख एकादशीचीच घालावी, दशमीची नव्हे, कारण डब्याच्या लेखी मध्यरात्री दिवस बदलतो. तसेच डब्याचे घड्याळ उपग्रहावरून ग्रिनिचची वेळ घेते; मेनूमध्ये ‘अधिक साडेपाच’ तास निवडले नाहीत तर महापूजेच्या जागी भलताच कार्यक्रम साठवला जाईल. बसवणाऱ्या मुलाला जाऊ देण्यापूर्वी डब्यावरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहावी.

एक मर्यादाही सांगते. या डब्यांत बहुधा एकच ट्यूनर (वाहिनी पकडणारा भाग) असतो, म्हणून एक वाहिनी साठवत असताना दुसरी पाहता येईलच असे नाही. काही डबे त्याच ट्रान्सपॉन्डरवरच्या, म्हणजे उपग्रहावरून त्याच लहरीवर एकत्र येणाऱ्या, वाहिन्या पाहू देतात, इतकेच. बातम्या चालू असताना आईचे अभंग साठवायचे असतील तर तुम्हां दोघांत आधी तोडगा निघालेला बरा. थेट कार्यक्रम थांबवण्याची सोय मात्र फार उपयोगी आहे. दारात कोणी आले की थांबवण्याचे बटण दाबायचे आणि परत आल्यावर तेथूनच पुढे पाहायचे. निवेदक भरभर बोलला आणि बाबांना कळले नाही, तर आवाज वाढवण्याऐवजी दहा सेकंद मागे जावे.

डबा, नव्वदची छत्री, तार आणि मजुरी असा एकत्रित भाव पोवई नाक्यावर आणि राजवाड्याजवळ अशा दोन ठिकाणी विचारावा. रिमोट आईच्या हातात देऊन पाहावा. त्यावरचे रेकॉर्डचे बटण तिला चष्म्याशिवाय सापडले पाहिजे. नवीन डब्यावर रेकॉर्डिंग नीट होते आहे याची खात्री पटेपर्यंत जुने कनेक्शन बंद करू नये. घेण्याआधी खोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठवावा, म्हणजे मी पाहून लगेच कळवते.

तुमची मुलगी