जिप्सी ओढत नाही म्हणतोस, त्याबद्दल

प्रिय गड्या,

तुझा परवाचा मेसेज वाचला आणि डोक्यातून जाईच ना. तुझी मारुती जिप्सी लिटरला साडेसात किलोमीटर देते, चिखलदऱ्याच्या घाटात तिसरा गिअर टाकला की मरते, म्हणून तू आता ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरची चिप आणि मोठा सायलेन्सर बसवायला निघाला. थांब राजा, पैसे घालू नको अजून. माझ्या जिप्सीनं मला दोन वर्षं ह्याच पायी रडवलंय.

आपलं इंजिन 1.3 लिटरचं, 80 हॉर्सपॉवर, तेही 6000 आरपीएमला. टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, पूर्ण मिळतो 4500ला. गाडी मूळची टनभराची, त्यावर तू लोखंडी बंपर, विंच (फसलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), रोल केज, वर कॅरिअर चढवलं. इंजिनची ताकद कुठंच गेली नाही रे, ती हे लोखंड ओढण्यात चाललीय. विंच गेल्या पावसाळ्यात किती वेळा वापरली सांग बरं? नसेल वापरली तर उतरव, कॅरिअर तर आजच काढ, स्पीड 80च्या वर गेलं की ते हवा अडवते आणि पेट्रोल पिते.

मग टायर. कंपनीचे 205/70, तुझे 235/75, म्हणजे चाक जवळपास 10 टक्के मोठं. मीटर 100 दाखवते तेव्हा गाडी 110 चाललेली असते, तर तुझं साडेसात खरं तर सव्वाआठ आहे, एवढा जीव जाळू नको. पण मोठ्या चाकानं प्रत्येक गिअर लांब होतो, चढावर जोर कमी पडतो तो इथंच, आणि ते कोणतीच चिप भरून काढत नाही. जुने टायर ठेवले असशील तर चढवून बघ.

आता माझं सांगतो. श्रावणात पांदणीच्या गाऱ्यातून निघायला पुढच्या चाकांचे हब लॉक केले, म्हणजे फोर व्हीलसाठी चाकं एक्सलला जोडली, आणि ते तसेच राहिले, थेट दिवाळीपर्यंत. गाडी टू व्हीलवरच होती, पण हब लॉक असले की पुढचे एक्सल, डिफरन्शियल, प्रॉपेलर शाफ्ट सगळं फुकट फिरत राहते. खाली वाकून फ्रीवर फिरवायला एक मिनिट लागते, तू आजच बघ. त्यासोबत ब्रेक पण बघ, रिकाम्या रोडवर पाच-सहा किलोमीटर ब्रेक न मारता चाल, उतरून चारही चाकांना मधोमध हात लाव, एखादं जास्त तापलं असेल तर तिथं ब्रेक धरून राहतोय.

आणि सगळ्यात मोठं दुखणं थर्मोस्टॅटचं. उन्हाळ्यात गाडी तापली म्हणून एका मेकॅनिकनं माझा तो वॉल (व्हॉल्व्ह), जो इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ देत नाही, काढूनच टाकला, मला सांगितलं पण नाही. इकडे मे महिन्यात 45-46 असते तेव्हा काही कळलं नाही, पण जानेवारीत सकाळी दारव्ह्याहून यवतमाळला निघालो तर टेम्परेचरचा काटा खालीच, पोचेपर्यंत वर आला नाही. इंजिन थंड दिसलं की कॉम्प्युटर पेट्रोल जास्तच सोडतो, चोक ओढून गाडी चालवल्यासारखं. नवीन वॉल टाकला, रेडिएटर साफ केला, मग तापणंही गेलं. माझं ॲव्हरेज साडेसातावरून दहाच्या जवळ आलं त्यात ह्या वॉलचा वाटा सगळ्यात मोठा, असं माझं पक्कं मत आहे.

एअर फिल्टर सोयाबीनच्या सीझननंतर उघडच, माझ्यात मूठभर कुटार निघालं होतं बाप्पा. पण तो उघडा कोन फिल्टर लावू नको, तो बोनेटमधली तापलेली हवा ओढतो, गरम हवा पातळ, ताकद अजून कमी. पेट्रोल लाईनवर लावायचे ते मॅग्नेट घेऊ नको, त्यानं काहीच होत नाही. आता पेट्रोलही 20 टक्के इथेनॉलचं, त्यात लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्के कमीच असते, त्याला आपला इलाज नाही, फक्त जुने रबरी पाईप बदलून घे, चिरले तर आगीची भीती.

घाटात दुसराच धर, चार हजारावर ओरडू दे. तिसऱ्यात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून मारला की पेट्रोल उलट जास्त जाते. आणि चिखलदरा हजार मीटरच्या वर आहे, तिथं हवाच विरळ, दहा टक्के ताकद कोणत्याही साध्या पेट्रोल इंजिनची जातेच.

एवढं करून परतवाड्याच्या पंपावर टँक फुल कर, वर जाऊन ये, त्याच नोझलवर परत फुल कर आणि किती बसलं ते मला कळव. चिपचं तोवर कोणाला हो म्हणू नको.

तुझाच