एक्का निघाला, पुढे?

पुणे, रविवार दुपार

प्रिय शुभे,

फोनवर तू हसत हसत सांगितलंस, पण तुझं ते हसणं मला चाळीस वर्षं ठाऊक आहे. प्रदर्शनातल्या त्या टॅरोच्या पत्त्यांवरून भविष्य सांगणाऱ्या बाईंनी पान उलटलं, छडीचा एक्का निघाला, त्या म्हणाल्या, "नवी सुरुवात आहे, काहीतरी निर्माण होणार." तू पाचशे रुपये दिलेस आणि घरी येऊन थेट माळ्यावरची नाटकांच्या वह्यांची ट्रंक काढलीस. उघडलीस, बंद केलीस आणि मला फोन लावलास. "तुझ्याकडे तो टॅरोचा कॅट आहे ना, खरं काय ते सांग!"

खरं काय ते मला कुठून कळणार, बाई? पत्त्यांत भविष्य असतं असं मला आजही वाटत नाही. भाचीने तो कॅट दिला तो मी चित्रं काढते म्हणून. पण त्यातले चार एक्के वर्षभर माझ्या टेबलावर भिंतीला टेकून उभे आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल मात्र बोलू शकते. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र.

टॅरो मुळात खेळच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघालेला, आपल्या मेंढीकोटासारखा हुकूम मारून हात करायचा. भविष्य त्याला चिकटलं ते अठराव्या शतकात. अठ्ठ्याहत्तर पानं, त्यातली छप्पन्न आपल्या पत्त्यांच्या चुलतघरातली. छडी म्हणजे आपलं किलवर, पेला म्हणजे बदाम, तलवार म्हणजे इस्पिक, नाणं म्हणजे चौकट. तेव्हा तुला निघाला तो किलवरचा एक्का, एवढं काही दचकायला नको.

आणि एक्क्याचं काय असतं तुला मी सांगायला हवं का? मेंढीकोटात तो सगळ्यांच्या डोक्यावर, आणि बदाम सातमध्ये हातात एक्का आला की आपलं तोंड उतरायचं, कारण दुरी पडेपर्यंत त्याला धरून बसायचं. सावंतवाडीच्या गंजिफात तर राजा आणि प्रधान सोडले तर निम्म्या रंगांत दहा मोठा, निम्म्या रंगांत एक्का मोठा. तेच पान, कुठल्या डावात आलं यावर त्याची किंमत. ते "नवी सुरुवात" वगैरे ऐकलं की मला आधी हे आठवतं.

आता पानं कशी दिसतात ते सांगते. तुला कदाचित त्या गडबडीत बघायलाच मिळालं नसेल. चारही एक्क्यांवर करड्या ढगातून एक हात बाहेर आलाय. छडीला ताजी पालवी फुटलेली, काही पानं हवेतच तरंगताहेत, खाली नदी आणि टेकडीवर किल्ला. तलवारीच्या टोकाला मुकुट, खाली उघडेबोडके डोंगर. नाण्याच्या पानावर फुललेली बाग, आणि बागेच्या कमानीतून पलीकडे दिसणारे डोंगर. आणि चारही पानांवर माणूस एकसुद्धा नाही! देणारा हात आहे, घेणारं कुणी नाही. मला तो कॅट आवडायचं कारण हेच. पुढच्या पानांवर माणसं येतात, भांडतात, रडतात, ओझी वाहतात. एक्क्यावर अजून कुणी हात पुढे केलेला नाही.

ही चित्रं काढणारी बाई तुला आवडेल. पामेला कोलमन स्मिथ, जन्म 1878, लंडनचा. लहानपण थोडं मँचेस्टर, थोडं जमैका. जमैकातल्या अनान्सी नावाच्या कोळ्याच्या (जाळं विणणाऱ्या, मासे धरणाऱ्या नव्हे) गोष्टी ती लोकांना सांगायची, खेळण्यातल्या छोट्या रंगमंचावर पुठ्ठ्याची पात्रं नाचवून नाटकं करायची. (बघ, तुझीच जात!) 1909 साली आर्थर वेट या गृहस्थांनी तिला हा कॅट काढायला सांगितला आणि काही महिन्यांत तिने तो हातावेगळा केला. तोवरच्या बहुतेक कॅटांत छडीची तिरी म्हणजे नुसत्या तीन छड्या असायच्या. हिने प्रत्येक पानावर प्रसंग उभा केला. मोबदला? न्यूयॉर्कच्या एका परिचिताला तिने लिहिलं, की काम भलं मोठं झालं आणि पैसे अगदीच थोडे मिळाले. कित्येक वर्षं त्या कॅटाला प्रकाशकाच्या आणि वेटच्या नावानेच ओळखलं गेलं. तिची खूण पानांच्या कोपऱ्यात, वळवळत्या सापासारख्या अक्षरांत. 1951 मध्ये गेली तेव्हा डोक्यावर देणी होती. चार एक्के रंगवले तिने, पण नाण्याचा तिच्या वाट्याला आलाच नाही. हे वाचलं तेव्हा मला तिचा फार राग आला. तिचा म्हणजे, तिच्यासाठी.

कारण माझंही तेच चाललं होतं. मागच्या वर्षी सहा महिने माझ्याकडून एक रेघ धड उमटली नाही, हे मी तुला सांगितलं नव्हतं. छडीचा एक्का पुढ्यात ठेवून रोज सकाळी चहा घेत बसायचे, की आता काहीतरी सुचेल. सुचायचं काय, तर संध्याकाळची भाजी. टेबलावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग चढलेला, तो सरकवून कपापुरती जागा करायची. मग एक दिवस तो ढीग उचलताना तलवारीचा, म्हणजे कापून मोकळं करणारा, एक्का खाली पडला. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि एकदम लक्षात आलं की मला सुचत नव्हतं असं नाही, मी चिडलेली होते. एका प्रकाशकाने तीन पुस्तकांचे पैसे थकवले होते आणि चौथ्याची चित्रं मागत होता, आणि मी "हो हो, देते" म्हणत होते. त्याच दुपारी पाच ओळींचं पत्र लिहिलं: आधीचे पैसे आल्याशिवाय चित्रं मिळणार नाहीत. पैसे अजून अर्धेच आलेत. पण पत्र टाकून घरी आले आणि रात्री कोंबडीचं एक चित्र काढलं, उगाच, कुणी न सांगता. मान वाकडी आलीय, पण नजर अशी खट की बस.

म्हणून म्हणते, त्या बाईंनी तुला छडी दाखवली ते ठीक, पण छडी तुझ्याकडे कधी नव्हती? बँकेच्या हिशेबाच्या कागदांमागे तू संवाद लिहायचीस. तुझ्या घरात कमी आहे ती बसायच्या जागेची. जेवणाच्या टेबलावर नातवाचा अभ्यास, बेडरूममध्ये भाऊजींच्या बातम्या. तुला एक्का हवा तर नाण्याचा, हाताला लागेल असा: खिडकीपाशी फोल्डिंगचं टेबल, दिवा, आणि अकरा ते एक फोन बंद. माझाही फोन घ्यायचा नाही. ट्रंकेतल्या सगळ्या वह्या काढू नकोस, पिवळ्या पुठ्ठ्याची तेवढी काढ. त्यातली ती बेडकांची पंचायत अर्धवट आहे, मला आठवतंय.

एक गंमत राहिली. पेल्याच्या एक्क्याबद्दल वेटसाहेबांनी या कॅटावरच्या आपल्या पुस्तकात लिहिलंय की पेल्यातून चार धारा वाहतात. चित्रात पाच आहेत. मी भिंग लावून मोजल्या. मला वाटतं तिने ब्रश धरला, हात थांबला नाही, आणि तिनेही थांबवला नाही.

पाकिटात नाण्याचा एक्का ठेवलाय. टेबल आलं की त्यावर ठेव. माझा कॅट आता सत्त्याहत्तर पानांचा झालाय, तेव्हा परत द्यायला तुला स्वतःच यावं लागेल. येताना पंचायतीचा दुसरा प्रवेश घेऊन ये. भाऊजींना नमस्कार, नातवाला पापा.

तुझीच,
मंजू