चौकातला फ्लेक्स

12 ऑगस्ट 2025

चि. प्रसाद यास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. पाऊस उघडलाय, सोयाबीनची भांगलण उरकली. फोनवर आपल्या दोघांचाही आवाज चढतो, म्हणून लिहितोय.

काल सकाळी डेअरीला दूध घालायला गेलो आणि चौकात तुमचा फ्लेक्स दिसला. वर 'ऑपरेशन सिंदूर', मधोमध हात जोडलेले साहेब, खाली तुम्हा पोरांचे गोल फोटो आणि 'भावी जिल्हा परिषद सदस्य'. जवानही आहे. पण साहेबांच्या खांद्यामागे. त्याचं हेल्मेट आणि एक डोळा तेवढा दिसतो. किटली हातात धरून मी बराच वेळ तिथंच उभा होतो.

तू म्हणशील, आप्पा, तुमचंही मत आपल्याच पक्षाला असतं. असतं, आणि पुढंही राहील. मी जुन्या वळणाचा माणूस. जवान सीमेवर असताना सरकार कुणाचंही असो, चौकाचौकात त्याच्या नावानं शंख करायचा नाही, हे मी आयुष्यभर मानत आलो. हिशोब मागायचा तो लढाई संपल्यावर, आणि पै-पैचा मागायचा. पण विरोधकांनी हे पाळायचं तर सत्तेतल्यांनीही पाळलं पाहिजे. समोरच्याला 'ही राजकारणाची वेळ नाही' म्हणून गप्प करायचं आणि आपण त्याच जवानावर मतं मागायची, हे मला सहन होत नाही.

तुझे आजोबा शेकापचे. काँग्रेसशी त्यांचा उभा दावा. पण यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले आणि 1963 साली नाशिकच्या पोटनिवडणुकीत विरोधकांनी त्यांच्यापुढं उमेदवारच दिला नाही, हे सांगताना त्यांचा ऊर भरून यायचा. बिनविरोध! आज असं होईल का, सांग.

याचा अर्थ तेव्हा सगळे मूग गिळून बसले होते असा नाही. 1962 च्या ऑक्टोबरात चीनचं सैन्य आत घुसलेलं असताना तरुण वाजपेयींनी संसदेचं अधिवेशन मागितलं. नेहरूंनी ते 8 नोव्हेंबरला बोलावलं आणि लढाई चालू असताना सभागृहात बोलणी ऐकून घेतली. विचारायची जागा ती. तेच अटलजी 1999 मध्ये पंतप्रधान होते. कारगिल पेटलेलं असताना विरोधकांनी राज्यसभेचं अधिवेशन मागितलं, ते झालं नाही. अटलजींवर माझी श्रद्धा आहे, तरी ही गोष्ट मला अजून खटकते.

त्या उन्हाळ्यात मी द्रासला होतो. तू जेमतेम वर्षाचा. आई निळ्या अंतर्देशीय पत्रावर '56 एपीओ' हा लष्करी टपालाचा पत्ता लिहून पाठवायची, ते हातात पडेपर्यंत तू रांगायचा चालायला लागलेला असायचास. सरकार एका मतानं पडलेलं, निवडणूक तोंडावर. खाली दिल्लीत काय चाललंय ते आठवड्याच्या शिळ्या पेपरात वाचायचो, आणि त्याच पेपरावर जेवायला बसायचो. आमच्याकडं बोफोर्स तोफा. कानात कापसाचे बोळे, तरी रात्री झोपल्यावर गोळा सुटल्याचा दणका डोक्यात वाजतच राहायचा. एकेक गोळा चाळीस किलोच्या वर. टायगर हिल 4 जुलैला आपल्या पोरांनी घेतलं, त्याआधी त्या कड्यावर आम्ही आग ओतली होती.

आता बघ, ही तोफ कोणती? हिच्या दलालीवरून 1987 पासून देशभर रान उठलं, 1989 मध्ये सरकार गेलं. दलालीची चौकशी व्हायलाच हवी होती. पण कंपनीचं नाव काळ्या यादीत गेल्यावर सुट्या भागांच्या कागदाला हात लावायला वर्षानुवर्षं कोणी धजेना. एका तोफेचे भाग काढून दुसरीला लावायची पाळी आली. राजकारण दिल्लीत झालं आणि त्याची झळ तोफेमागं उभ्या असलेल्या गड्याला बसली. द्रासच्या थंडीत आमच्यातल्या एकानंही विचारलं नाही की ही तोफ कोणत्या पक्षानं आणली.

आणि कारगिलनंतर बरं काय झालं तेही लक्षात ठेव. 26 जुलैला मोहीम संपली, तीन दिवसांत कारगिलचा आढावा घ्यायला सुब्रह्मण्यम समिती नेमली गेली, पुढच्या फेब्रुवारीत अहवाल संसदेपुढं आला. उलट 1962 च्या पराभवाचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल आजही कुलपात आहे. मधल्या काळात सगळ्यांची सरकारं आली, आपलंही आलं. कुलूप कोणी काढलं नाही.

यंदा मे महिन्यात सुप्रिया सुळे आणि श्रीकांत शिंदे, समोरासमोरच्या पक्षांचे दोघं, देशाची बाजू मांडायला शिष्टमंडळं घेऊन परदेशात गेले. टीव्हीवर ते बघून मी आईला हाक मारली होती. अन् तीन महिन्यांत आपल्याच चौकात हा फ्लेक्स.

निवडणूक आयोगानं 2013 साली आणि पुन्हा मार्च 2019 मध्ये सगळ्या पक्षांना कळवलंय की प्रचारात सैनिकांचे फोटो वापरू नका. तुझ्या साहेबांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

खालच्या वाडीतल्या मावशी रोज सकाळी त्याच रस्त्यानं डेअरीला येतात. त्यांचा मुलगा गेला तेव्हा तूही शाळेच्या गणवेशात रस्त्याकडेला उभा होतास. शवपेटीला गावातल्या दोन्ही गटांचे खांदे लागले होते, कोण कुठल्या पार्टीचा ते कोणी बघितलं नाही. काल त्या माझ्या मागंच होत्या. फ्लेक्सकडं एकदा बघितलं आणि पदर सावरून पुढं गेल्या. काही बोलल्या नाहीत.

मी उतरवला तर गावात दोन गट पडतील, म्हणतील सुभेदार विरोधात गेले. म्हणून तूच ये. गणपतीपर्यंत थांबू नकोस, या शनिवारीच ये. शिडी गोठ्यात आहे, मी खाली धरतो.

तुझे आप्पा