एकाच कापडाची 102 फुलं: काकूंना जाहीर आभारपत्र

प्रिय काकू,
सा. नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच ‘थांब, चहा टाकते’ म्हणून आत निघून जाता. दोनदा असं झालं. म्हणून आता लिहूनच काढते, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते. कारण घरी येणारा जो तो लेकीच्या पलंगावरची गोधडी उलटसुलट करून बघतो आणि ‘एवढी कापडं कुठून जमवलीस?’ म्हणून विचारतो. मी ‘एकच कापड आहे’ म्हणते. कोणाचा विश्वास बसत नाही. मग मी तुमचं नाव घेते, पण तेवढ्याने भागत नाही. तुम्ही काय केलंत ते नीट सांगायला हवं.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मी तुमच्याकडे आले, तेव्हा हातात पाच मीटर बगरूचं, म्हणजे राजस्थानातलं हाताच्या ठशांचं कापड होतं. हौसेने, प्रदर्शनातून आणलेलं. लेक जूनमध्ये नागपूरला होस्टेलवर जाणार, तिच्यासाठी षटकोनांची गोधडी करायची असं मनात घेतलं होतं: एकाच कापडाचे सहा थर नक्षीवर नक्षी जुळवून त्रिकोण कापायचे आणि सहा सारख्या त्रिकोणांचा एक षटकोन, म्हणजे एक फूल, जोडायचं. तुम्ही कापड पसरलंत, एका बुट्ट्यावर दुसरा बुट्टा येईल अशी घडी घातलीत आणि काही न बोलता टाचणी टोचलीत. वर पाकळीचं टोक, खाली टाचणी निघाली ती देठावर. ‘लाकडी ठसा माणूस हाताने उचलतो, हाताने ठेवतो,’ तुम्ही म्हणालात, ‘दर वेळी तो सूतभर इकडेतिकडे होणारच. त्याची शोभाच त्यात आहे. पण आपल्याला सहा थर डिट्टो एकसारखे हवेत. हे कापड कापू नकोस, याचा कुडता शिव.’

त्या दिवशी मला थोडं वाईट वाटलं होतं. आज वाटतं, त्या एका टाचणीने माझे पाच महिने वाचवले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः माझ्याबरोबर रविवार पेठेत, कापडगंजात आलात. गुडघा दुखत असताना तीन जिने चढलात. दुकानदार मऊ मऊ, नाजूक फुलांचे ताके काढत होता आणि तुम्ही मान हलवत होतात. शेवटी खालच्या फळीवरचा एक ताका ओढायला लावलात. गडद निळी जमीन, त्यावर हातभर केशरी-लाल फुलं, पोपटी पानं, मधूनच पांढऱ्या कळ्या. मी तर म्हणाले, ‘काकू, हे फार भडक आहे.’ दुकानदारही म्हणाला, पडद्याला जातं हे. तुम्ही म्हणालात, ‘भडकच हवं. लहान नक्षीचे कितीही तुकडे केले तरी सगळे सारखेच दिसतात. मोठ्या नक्षीत एक त्रिकोण नुसता निळा निघेल, दुसऱ्यात नुसतं पान येईल, तिसऱ्यात पाकळीची कड.’

मग तुम्ही काठावरचे रंगांचे ठिपके दाखवलेत आणि टेप लावून एका फुलापासून पुढच्या त्याच फुलापर्यंत मोजलंत. सव्वापंचवीस इंच. म्हणजे 64 सेंटिमीटर. रोटरी छपाईत कापडावरून पोकळ रूळ फिरतो आणि नेहमीच्या रुळाचा घेर 64 सेंटिमीटर असतो, त्यामुळे एका फेरीत नक्षी पुरी होते आणि पुन्हा तिथूनच सुरू होते, हे मला तिथे दुकानात उभ्याउभ्या कळलं. दुकानदारालाही तुमच्याकडूनच कळलं असावं, तो ऐकत राहिला होता. अशी एक फेरी म्हणजे एक रिपीट. सहा थरांना सहा रिपीट म्हणजे 3 मीटर 84 सेंटिमीटर, वर थोडं हाताशी. सव्वाचार मीटर घेतलं. पन्हा 44 इंच.

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाकडून शिवण शिकणं काय असतं, ते मला त्यानंतर कळलं. तुम्ही पाटावर कापड ठेवलंत आणि त्यावर दोन छोटे आरसे चिकटपट्टीने जोडून 60 अंशात उभे केलेत. सहा पाकळ्यांचं एक फूल त्या कोपऱ्यात उमललं. आरसे दोन बोटं सरकवले की ते मिटायचं आणि दुसरंच उमलायचं. आठवीच्या मुलांना शोभादर्शक करून दाखवायचात, तसंच. 1816 मध्ये स्कॉटलंडच्या ब्रूस्टरने ते बनवलं आणि पुढच्या वर्षी पेटंट घेतलं, हेही सांगितलंत. मी अर्धा तास नुसते आरसे फिरवत बसले होते.

पण तुम्ही मला तिथे सोडलं नाहीत. ‘आता फसू नकोस,’ म्हणालात. ‘आरसा उजव्याचं डावं करतो, म्हणून इथे पानं जोडीजोडीने एकमेकांकडे तोंड करून उभी दिसतात. कापड काही उलटं होत नाही. शिवल्यावर सहाही पानं एकाच दिशेने पळतील, भिंगरीसारखी.’ ही गोष्ट मला कोणीही सांगितली नव्हती. शिवलेल्या षटकोनात जी गरगर दिसते, ती यामुळे. आज गोधडीकडे बघताना मला आधी ती गरगर दिसते, मग फुलं.

तुमचं हे शिक्षण अमेरिकेतल्या केंटकीतलं. नातवाच्या वेळी लेकीकडे सहा महिने होतात, तेव्हा तिने तुम्हाला पडूकाला नेलं होतं, 1991 साली उघडलेलं तिथलं गोधड्यांचं राष्ट्रीय संग्रहालय बघायला. नंतर जवळच्या ग्रंथालयात जमणाऱ्या बायकांमध्ये तुम्ही जाऊन बसलात. त्या या प्रकाराला ‘वन ब्लॉक वंडर’ म्हणतात. इंग्रजी जेमतेम बोलत होतात, पण त्यांनी सांगितलेलं सगळं वहीत चित्रं काढून उतरवलंत. ती वही तुम्ही मला पाच महिने दिलीत. त्यात एका पानावर हळदीचा डाग आहे, तो माझा. सांगायचं राहिलं होतं.

कापण्याआधी एक अख्खा दिवस गेला. सहा तुकडे, सहाही खळ देऊन कडक इस्त्री केलेले, एकावर एक. नक्षीतले चार बिंदू निवडायचे: एका पाकळीचं टोक, एका पानाची शीर, कळीचा देठ, असे. चपट्या डोक्याची टाचणी वरच्या थरातून सरळ खाली सोडायची आणि प्रत्येक थरात ती त्याच टोकातून जाते का ते थर उचलून बघायचं. तुम्ही शेजारी खुर्चीवर बसून स्वेटर विणत होतात. मी ‘झालं’ म्हटलं की खाली वाकून चौथा थर उचलून बघायचात. चौथाच का, ते मला कधी कळलं नाही, पण चूक नेमकी तिथेच असायची.

पट्टी पावणेचार इंचांची. तिचे 60 अंशांचे त्रिकोण. माझा पहिला प्रश्न होता की शिवल्यावर किती उरतो, आणि मी मनात हिशेब केला होता साडेतीनचा. तुम्ही कागदावर त्रिकोण काढून तिन्ही बाजूंना पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं कापड, सोडलीत आणि आतला त्रिकोण मोजायला दिलात. बरोबर तीन इंच. वरचं टोक दोन्ही बाजूंची माया खाते, ते मी धरलंच नव्हतं. म्हणजे षटकोन समोरासमोरच्या बाजूंमध्ये सहा इंचांचा. माझ्या मूळ अंदाजाने गेले असते तर गोधडी पलंगाला अपुरी पडली असती.

एका रिपीटमध्ये सहा पट्ट्या, एका पट्टीत 18 त्रिकोण, प्रत्येक त्रिकोणाचे सहा थर. हिशेबाने 108 षटकोन. तुम्ही म्हणालात, जपमाळ आहे, मोजत शिव.

आणि मग मी घाई केली. शेवटची पट्टी एकटीने, रात्री, टाचण्या पुन्हा न तपासता कापली. काठाकडच्या टोकाला थर सरकले होते. सकाळी तुम्हाला दाखवायला आणली, तेव्हा मला अजून दिसलंही नव्हतं. तुम्ही सहा गड्ड्या (एका षटकोनाचे सहा त्रिकोण म्हणजे एक गड्डी) बाजूला काढल्यात. सहाव्या थरातली पाकळी तीन धागे खाली होती, फक्त तीन धागे, पण जुळवल्यावर मधलं फूल मोडलं होतं. मला रडू येत होतं. तुम्ही रागावला नाहीत, समजूतही घातली नाहीत. त्या सहा गड्ड्या मिठाईच्या खोक्यात घातल्यात आणि म्हणालात, ‘टाकू नकोस. 102 पुरतात.’ मग कागद घेऊन मांडून दाखवलंत: एका षटकोनाचे दोन अर्धे, 17 ओळी, एका ओळीत 12 अर्धे षटकोन, बरोबर 204 अर्धे. ओळ तीन इंचांची, म्हणजे 62 बाय 51 इंच.

शिवणाचं काय सांगू. त्रिकोणाच्या दोन बाजू उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या येतात, जरा ओढल्या की लांबतात. ‘इस्त्री फिरवू नकोस, ठेव आणि उचल,’ हे वाक्य आता मी झोपेतही म्हणेन. पहिले दहा षटकोन मी पाव इंचाच्या किंचित बाहेर शिवले. प्रत्येक शिवणीत केसभर, पण सहा शिवणी एका टोकात येतात, त्यामुळे मध्यावर टेंगूळ आलं. तुम्ही मशीनच्या पट्टीवर सुईपासून मोजून चिकटपट्टी लावलीत आणि मला उसवायला बसवलंत. स्वतः नाही उसवलंत. उसवायचं हत्यार माझ्या हातात दिलंत आणि रेडिओ लावलात. दुपारी दीड ते साडेपाच. तो दिवस मला खरंच आवडला, काकू.

तीन त्रिकोण एका अर्ध्यात, तीन दुसऱ्यात, आणि दोन अर्धे जोडायचे नाहीत, नुसती टाचणी. मांडणी ठरल्यावर ते ओळीतच शिवले जातात, म्हणून कुठेही कोपऱ्यात शिवण वळवावी लागत नाही. हे इतकं साधं आहे आणि इतकं हुशार आहे, की ज्या कोणाला पहिल्यांदा सुचलं असेल तिला मी रोज नमस्कार करते. शिवाय प्रत्येक गड्डीला तीन कोपरे. कुठला मध्यात घ्यायचा त्यावर तीन निराळी फुलं. एकेका गड्डीवर मी आणि लेक भांडत बसायचो. तिला धारदार चांदण्या हव्या असायच्या, मला गोल फुलं. बहुतेक वेळा ती जिंकली.

मांडणीसाठी तुम्ही तुमच्या हॉलची भिंत दिलीत. फ्लॅनेलची चादर लावून, पंधरा दिवस. पाहुणे आले तरी काढली नाहीत. सुती तुकडे फ्लॅनेलला आपोआप चिकटतात, हे बघून काका लहान मुलासारखे हसले होते. मी रंग ओळीने लावत होते, निळे इकडे, केशरी तिकडे, आणि ते शाळेच्या तक्त्यासारखं दिसत होतं. तुम्ही फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल केलात. मधोमध एक काळा डाग, तो मला रंगात दिसतच नव्हता. ‘रंग नंतर बघ, आधी उजेड बघ.’ मग अंधार खालच्या डाव्या कोपऱ्यात गेला आणि तिथून हळूहळू उजाडत वर गेलं. कळ्यांचे पांढरे षटकोन सगळ्यात शेवटी, वर उजवीकडे, विरळ.

अस्तराला आजीचं जुनं नऊवारी लावलं, मधे धुऊन धुऊन मऊ झालेली चादर, आणि आपल्या गोधडीसारखा हाताने धावदोरा, कडेकडून आत. कापूस किंवा तिकडची बॅटिंग, म्हणजे मधे घालायचा तयार थर, नको, हे तुम्ही आणि मी दोघी एकदमच म्हणालो. प्रत्येक रिपीटमधून खाली उरलेल्या पट्ट्यांची गोट झाली. चारही कडांना पुरून वर दोन हात उरली.

आता मूळ गोष्ट. या सगळ्यात तुम्ही एकही टाका घातला नाहीत. माझ्याहून दसपट चांगला हात तुमचा. मी थकून ‘तुम्हीच करून द्या ना एवढं’ म्हणाले, तेव्हाही नाही. लेकीला मी सांगू शकते की यातला प्रत्येक टाका तुझ्या आईचा आहे. तो शब्द तुम्ही माझ्यासाठी राखून ठेवलात, हे मला शेवटची गाठ मारताना समजलं. त्या वेळी मी खूप रडले, आणि खाली तुमच्याकडे न येता तशीच बसून राहिले.

मिठाईच्या खोक्यातल्या त्या सहा गड्ड्या मात्र मी शिवल्या. मोडक्या पाकळ्यांसकट. सहा षटकोन गोल मांडले की मधे सातव्याची जागा राहते. ती बगरूच्या कापडाने भरली. कुडता शिवून उरलं होतं ते, हाताच्या ठशाचं, सूतभर इकडेतिकडे झालेलं. सगळं हाताने जोडलंय. तुमच्या गॅलरीतल्या लाकडी खुर्चीवर बरोबर मावेल, मी खुर्ची मोजून गेले होते. गोट उरलेल्याच पट्टीची आहे आणि ती वीतभर शिवायची ठेवली आहे, सुई ओवून. तेवढी तुम्ही घाला.

रविवारी चार वाजता येते. चहा मी करीन.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची