अखाजीला न आलेल्या लेकीस

चि. माधुरीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन आपटलास त्याचं मनावर घेऊ नकोस, मीही घेतलेलं नाही. "बाबा, तुम्हाला कोळशाच्या खाणीतलं काय कळतं?" म्हणालीस. बरोबरच आहे, मी केळीतला माणूस. पण अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सुट्टी नाही हे सांगता सांगता तू बोलून गेलीस की खालच्या बोगद्यात, पुढच्या गॅलरीत छतातून पाणी जास्त यायला लागलंय, आणि लगेच आंब्यांची चौकशी सुरू केलीस. मला कळलं नाही असं वाटलं तुला. आईला मी ते सांगितलेलं नाही. तिने घागर भरली, सांजोऱ्या केल्या, मोठी आत्या आली तेव्हा जे व्हायचं ते झालंच. या वर्षी निंबाला झोका बांधला नाही.

तू म्हणालीस की तिकडे जवळपास जुनं काम, म्हणजे खणून सोडून दिलेली खाण, नाही, नकाशात काही दाखवलेलं नाही. अगं, नकाशाचं मला सांगू नकोस. पोपटतात्यांच्या बांधाचं तू लहानपणापासून बघत आलीस. मोजणीवाले आले की दर वेळी खुंट हलतो, आणि तो तर उघड्या रानातला, दिवसाढवळ्या दिसणारा बांध. जमिनीखाली कुणी केव्हा कोळसा काढून सोडून दिला आणि त्या पोकळीत पावसाळ्यामागून पावसाळे पाणी भरत राहिलं, ते कागदावर बरोब्बर उतरलं असेलच असं कसं धरायचं?

27 डिसेंबर 1975. मी शाळेत होतो. अण्णांच्या रेडिओवर तेव्हा सारखं चासनाला, चासनाला. जुन्या कामात साठलेलं पाणी फुटून धनबादकडच्या त्या कोळशाच्या खाणीत घुसलं आणि 375 माणसं गेली. पुढे 2001 च्या फेब्रुवारीत तिकडच्याच बागडिगीच्या खाणीत पुन्हा तेच, 29 जण. तेव्हा तू फार लहान होतीस, आणि ती बातमी वाचताना तू मांडीवर होतीस हे मला आता उगाच आठवतं.

ठीक आहे, तो विषय सोडतो.

तुझी आई गावभर काय सांगते माहीत आहे का? पोरगी जमिनीखाली उतरते. 2019 मध्ये सरकारने बायांना खाली काम करायची सूट दिली, तेव्हा तू होस्टेलवरून रात्री फोन केला होतास. सकाळी 6 ते संध्याकाळी 7 पर्यंतच, ही त्यातली अट मला फार आवडली होती. आणखी एक अट होती, बाईची लेखी संमती हवी. ती तू दिलीस, मला विचारलं नाहीस. विचारलं असतंस तरी मी हो म्हटलं असतं की नाही, देव जाणे.

मागच्या दिवाळीत तू आपल्या विहिरीत ती टेप सोडलीस. टोक पाण्याला टेकलं की टी टी वाजायचं. सगळी गल्ली कठड्याशी जमली होती. अण्णा दोराला दगड बांधून ओला भाग हाताने मोजायचे, ते मी तुला दाखवलं, तर हसलीस आणि तरी तेही वहीत लिहून घेतलंस. मग सांगितलंस, सातपुड्याच्या पायथ्याचा दगडगोट्यांचा पट्टा पाणी पितो आणि तेच आपल्याकडे खाली येतं. आपण उपसतो जास्त, म्हणून यावल-रावेर भूजलाच्या 'अतिशोषित' यादीत गेलं. शेजारच्यांनी खोल बोअर घेतला तेव्हा आपली विहीर का आटली, ते मला इतक्या वर्षांनी तुझ्याकडून कळलं.

म्हणून एक सांगतो. तुमच्याकडे कोळशाच्या वर कामठीचा वाळूखडक आहे, पाण्याने गच्च. तुम्ही खालून रात्रंदिवस उपसता, त्याने वरच्या गावातल्या विहिरींचं पाणी खाली जातं. त्या गावातली म्हातारी तुला शिव्या घालते, असं तू हसत सांगितलंस. हसू नकोस. ती माझ्यासारखीच आहे. तिच्या विहिरीचं मे महिन्याचं माप तू स्वतः जाऊन घे, पावसाळा सरल्यावर पुन्हा घे, पंप चालू असताना घेतलं असेल तर तसं लिही, आणि वरच्या साहेबाने आकडा जरा वर कर म्हटलं तरी करू नकोस. तुमच्या पीझोमीटरचं, त्या पातळी मोजायच्या नळीचं, बघायला कुणी जात नाही, तिच्या विहिरीत मात्र सगळं गाव डोकावतं. खाणीतलं पाणी नाल्याला सोडायच्या आधी गाळ नीट बसू देता ना? त्या नाल्यावर गुरं पितात.

लेक्चर झालं. तू हे सगळं माझ्याआधीच करत असशील. बापाच्या हातात पेन आलं की असं होतं, माफ कर.

पण पावसाळा तोंडावर आला गं. जिथे छत तोलणारे कोळशाचे पिलर काढून जमीन बसली आहे तिथल्या वरच्या भेगा मातीने बुजवल्या का? मृगाचा पहिला लोट त्यातूनच खाली जाणार. आणि मोटारींचं काय? आमच्याकडे ऐन उन्हाळ्यात लाईट जाते, एक मोटार जळते, दुसरी गॅरेजात असते, आणि बाग वाळते. तुमच्याकडे लाईट गेली की खालचा सम्प, पाणी गोळा व्हायचा खड्डा, किती वेळात भरतो, हे तुला तोंडपाठ असलं पाहिजे. राखीव पंप नुसता ठेवलेला नको, चालवून बघितलेला हवा.

आणि ते 60 मीटर. तूच सांगितलं होतंस की पाणी भरलेल्या जुन्या कामाच्या 60 मीटरच्या आत परवानगीशिवाय काम नेता येत नाही, आणि नेलं तर पुढे भोकं पाडून पाणी आहे का ते चाचपत जायचं. मग नकाशात जुनं काम नसलं तरी छतातून पाणी वाढलं म्हटल्यावर भोकं पाडायला काय हरकत आहे? वेळ जातो म्हणून मॅनेजर कुरकुर करील. करू दे. तू लेखी दे. तारीख घाल, एक प्रत स्वतःजवळ ठेव. पोपटतात्यांच्या प्रकरणात आपण तगलो ते त्याच प्रतींवर.

बघ, विषय सोडतो म्हणालो होतो.

कांदेबागेची केळी बरी आहेत, भाव बरा नाही. आईच्या गुडघ्याचं तिला विचारू नकोस, ती चिडते. चंद्रपूरला जाणाऱ्या शेजारच्या पोराबरोबर सांजोऱ्या आणि कळण्याचं पीठ देतोय. सांजोऱ्या आधी संपव, वास लागतो.

पत्राचं उत्तर नको. फोन कर, पण खाली उतरायच्या आधी नको, वर आल्यावर कर. आणि त्या गॅलरीतलं पाणी कमी झालं की वाढलं, ते आधी सांग, आंब्यांचं नंतर विचार.

तुझे,
बाबा