नागाच्या रक्ताविषयी तू विचारलेस म्हणून

सोलापूर,
१८ जानेवारी

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

थायलंडच्या जंगलात सैनिक नागाचे रक्त पितात, असा व्हिडिओ पाहून तू फोनवर विचारलेस, "बाबा, तुम्हीही प्यालात का?" मी तेव्हा "हो" एवढेच म्हणालो, कारण ती फोनवर घाईत सांगून उरकण्याची गोष्ट नव्हे. गड्ड्याच्या यात्रेच्या निमित्ताने पलटणीतले जुने सोबती सोलापुरात जमले, मोहोळकडच्या शेतावर आम्ही हुरड्याला बसलो आणि आगटीभोवती रात्री उशिरापर्यंत हाच विषय निघाला. तू सैन्यात जाण्याची तयारी करते आहेस, तेव्हा त्यातले खरे काय ते तुला माझ्याकडूनच कळावे अशी माझी इच्छा आहे.

तू पाहिलेस ते बहुधा 'कोब्रा गोल्ड' या सरावातले दृश्य असावे. अमेरिका आणि थायलंड यांनी तो १९८२ साली सुरू केला आणि पुढे त्यात अनेक देश येत गेले. आम्ही गेलो होतो ते 'मैत्री' या सरावासाठी. भारत आणि थायलंड यांच्या लष्करांचा हा सराव २००६ पासून चालतो, कधी त्यांच्याकडे तर कधी आपल्याकडे. कवायत, गोळीबार, वस्तीत शिरून शोध घेणे, हे सगळे त्यात होतेच. पण जंगलात तग धरण्याचा धडा थाई उस्तादांनी एवढ्या आस्थेने दिला की बाकीचे आता धूसर झाले असले तरी तो दिवस आम्हा सर्वांना जशाच्या तसा आठवतो.

त्या दिवसाची सुरुवात नागापासून झाली नाही, पाण्यापासून झाली. उस्तादाने मांडीएवढ्या जाड वेलीला आधी हात पोहोचेल तितक्या उंचावर कोयत्याने खाच पाडली आणि मगच ती बुंध्याशी तोडली. आधी खाली तोडली तर पाणी वर ओढले जाते आणि हाती काही लागत नाही, हे त्याने दोनदा करून दाखवले. तोडलेल्या टोकातून थेंब थेंब पडणारे पाणी त्याने तळहातावर घेतले, रंग पाहिला, वास घेतला. चीक दुधाळ असेल तर ती वेल सोडून द्यायची. हिरवा बांबू कानाशी धरून हलवला की आतले पाणी डुचमळते, तेही त्याने प्रत्येकाला ऐकवले. पाणी नसेल तर खाऊ नका, कारण अन्न पचवायलाही शरीरातले पाणी खर्च होते, हे त्याचे बजावणे वाळवंटात आणि बर्फातही तितकेच लागू आहे.

नाग आला तो दुपारनंतर. तुला ठाऊक आहे, नागपंचमीला तुझी आजी चुलीवर तवा ठेवत नसे, विळी हातात घेत नसे. घरात फक्त उकडलेले दिंड होत. अशा घरातून आलेल्या माणसाला तिथे उभे राहणे सोपे गेले नाही. उस्तादाने मुंडके वेगळे केले आणि लगेच खड्डा करून पुरले, कारण तुटलेले मुंडकेही काही वेळ चावू शकते आणि विषाच्या ग्रंथी त्यातच असतात. तोंडात जखम असलेल्यांना त्याने बाजूला काढले. मग रांगेत गुडघ्यांवर बसलेल्या जवानांच्या तोंडात त्याने रक्ताच्या धारा सोडल्या. मी ते घेतले. कोमट, खारट, लोखंडासारखी चव होती. त्याने तहान भागत नाही, हेही उस्तादानेच सांगितले. रक्त हे अन्न आहे, पाणी नव्हे, आणि खारट असल्यामुळे ते पचवायला उलट अधिक पाणी लागते. तो विधी किळस मोडण्यासाठी आणि दोन देशांच्या जवानांनी एका रांगेत बसण्यासाठी होता.

रांगेत माझ्या शेजारी आमचे पंढरपूरकडचे माळकरी हवालदार होते. त्यांनी हात जोडून मान हलवली. दुभाष्या जरा दूर होता आणि आमच्या अधिकाऱ्यांनी काही बोलण्याआधीच उस्ताद त्यांच्यासमोर येऊन थांबला. हवालदारांनी गळ्यातली तुळशीची माळ वर काढून दाखवली. उस्तादाने क्षणभर ती पाहिली, मग स्वतःच्या गणवेशाच्या गळ्यातून बुद्धाच्या छोट्या प्रतिमांची साखळी बाहेर काढून त्यांना दाखवली, आणि मान झुकवून पुढच्या माणसाकडे गेला. पुढे त्याने हवालदारांना बांबूचे कोंब दिले, ते कापून, उकळून, पाणी फेकून पुन्हा उकळायला लावले, कारण कच्च्या कोंबात विष असते. पावसाने भिजलेल्या लाकडाचा गाभा फोडून हवालदारांनी त्या दिवशी जो जाळ केला, त्यावरच सगळ्यांचे अन्न शिजले, हे मी मुद्दाम लिहितो.

यावरून हुरड्याच्या रात्री आमच्यात वाद झाला. कुर्डुवाडीचे सुभेदारकाका २०२१ मध्ये अलास्कात झालेल्या 'युद्ध अभ्यास' या भारत-अमेरिका लष्करी सरावाला गेले होते. आपले ३५० जवान त्यात होते. त्यांचे म्हणणे असे की, थंडी असो की जंगल, माणूस आधी मनाने हरतो, म्हणून किळस आणि भीती मोडणारा असा एखादा प्रसंग प्रशिक्षणात असलाच पाहिजे. बर्फात अंगावर घाम येऊ देऊ नये, कपडे ओले होण्याआधी एक थर उतरवावा, हे त्यांनी फार नेमके सांगितले. त्यांच्या अनुभवाचा मी आदर करतो. तरीही किळस मोडण्यासाठी नाग मारणे आवश्यक आहे, असे मला आता वाटत नाही. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी या विधीला विरोध केला आहे आणि तो मला रास्त वाटतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नागाला संरक्षण आहेच. शिवाय त्या रांगेत ज्याने रक्त घेतले नाही, तोच आम्हा सर्वांमध्ये जंगलात सर्वांत जास्त उपयोगी पडला, हे सुभेदारकाकांनीही शेवटी मान्य केले.

तुझ्यासमोर असा प्रसंग आला तर काय करायचे ते तू ठरव; माझ्याकडून कोणताही आग्रह नाही. परंतु वेल कशी तोडायची आणि ओल्या लाकडाचा जाळ कसा करायचा, हे अकादमीत जाण्याआधीच तुझ्या हाताला ठाऊक असावे, असे मात्र मला वाटते. हवालदारकाकांनी स्वतःहून सांगितले आहे की, सुट्टीत तू आलीस तर ते त्यांच्या शेतावर दोन दिवस तुला हेच शिकवतील. परीक्षा कधी संपते ते कळव, म्हणजे मी त्यांना तारीख देतो.

तुझा,
बाबा